वंदनेला उजेड हवा, धूर नको



आषाढ पौर्णिमा जवळ आली की आमच्या तळेऱ्याच्या आसपासच्या बौद्धवाड्यांत एकच बोलणे सुरू होते. यंदा ग्रंथवाचन कोणाच्या घरातून सुरू करायचे, वाचायला कोण बसणार, शेवटच्या दिवशी खीर कोण करणार. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने वर्षावासाचे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' घरोघरी वाचला जातो. दिवसभर शेतात चिखल तुडवून आलेली माणसे संध्याकाळी हातपाय धुऊन, पांढरे कपडे घालून येऊन बसतात. मला वर्षातले हे सगळ्यात आवडते दिवस.

पण हेच तीन महिने आमच्याकडे मुसळधार पावसाचेही असतात. वारा कौलांतून आत शिरतो. पाणी येते म्हणून खिडक्या लावलेल्या, दार ओढून घेतलेले. बारा बाय बाराच्या खोलीत पंचवीस माणसे. समोर तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा. प्रत्येक घरातून आलेली एकेक मेणबत्ती, म्हणजे कधी पंधरा, कधी वीस ज्योती. सोबत अगरबत्तीचा अख्खा पुडा. कोपऱ्यात डासांसाठी लावलेली कॉईल. मागल्या दारी पाणी तापवायची चूल. हे सगळे तास-दीड तास चालते.

या आरोग्याच्या पानावर आज मला या खोलीतल्या हवेबद्दल बोलायचे आहे.

वाचन सोडून पडवीत बसणारे काका

आमच्या वाडीत एक काका आहेत. वय सत्तरीच्या आसपास. वाचन स्पष्ट, पाली उच्चार शुद्ध. पूर्वी वर्षावासात पहिला अध्याय त्यांनीच वाचायचा, असा जणू नियम होता. दोन-तीन वर्षांपूर्वी ते वाचताना मध्येच थांबू लागले. मग पुस्तक दुसऱ्याकडे देऊन बाहेर जाऊ लागले. मग तर येईनासेच झाले. आले तरी पडवीत, पावसाचे शिंतोडे अंगावर घेत बसायचे.

वाडीत कुजबुज सुरू झाली. काकांचे मन धम्मातून उडाले, कोणाशी तरी वाद झाला असेल, मुलगा मुंबईला गेल्यापासून बदलले. मीही क्षणभर तसेच धरून चालले होते. मग एक दिवस काकी म्हणाल्या, "ह्येंचो खोकलो पावसाचो नाय गो बाय, धुराचो आसा." काकांना विचारले तर ते म्हणाले, "माझा मन थंयच आसता. पण छाती बसाक देत नाय."

मी इतकी वर्षे परिचारिका म्हणून वॉर्डात काढली. दम्याच्या, क्षयाच्या रुग्णांच्या उशाशी रात्री जागले. आणि माझ्याच वाडीतला माणूस श्वासासाठी धम्माच्या वाचनातून उठून जातो, हे मला दिसले नाही. याची मला अजून लाज वाटते. म्हणून हा लेख.

काकांनी तरुणपणी सिलिका वाळूच्या कामावर मजुरी केली होती. आमच्या शेजारच्या कासार्डे परिसरात या वाळूच्या खाणी आहेत. आपल्या समाजातले कितीतरी लोक वाळू, चिरेखाण, खडी क्रशर आणि बांधकामावर राबले. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात खोल जाऊन बसली की तिथे व्रण होतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही आणि त्यात क्षयाचा धोकाही वाढतो. ज्यांनी असे काम केले आहे, ज्यांना दमा आहे, जे विडी ओढत होते, ज्या बायांनी तीस-चाळीस वर्षे चुलीसमोर फुंकणी फुंकली, त्यांच्या फुप्फुसात आधीच जागा कमी उरलेली असते. इतरांना जो धूर जाणवतही नाही, तो त्यांना खोलीबाहेर काढतो. तान्ही बाळे, पाच वर्षांखालची मुले आणि गरोदर बायाही याच रांगेत येतात.

धुरात असते काय?

डोळ्यांना दिसतो तो धूर हा खरा त्रासाचा अर्धाच भाग. त्यात इतके बारीक कण असतात की ते नाकातल्या केसांना आणि घशातल्या ओलाव्याला चुकवून थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान असलेल्या या कणांना पीएम २.५ म्हणतात. आपल्या डोक्याचा एक केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी की, चोवीस तासांच्या सरासरीत एक घनमीटर हवेत हे कण १५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत. भारत सरकारची मर्यादा ६० आहे.

आता आपल्या खोलीतल्या एकेका वस्तूचा हिशेब घेऊ.

डासांची कॉईल: २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, एक कॉईल पूर्ण जळते तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ कण बाहेर पडतात. बंद खोलीत वाचनाच्या वेळी कॉईल लावायची म्हणजे काय, ते यावरून समजा.

अगरबत्ती: सिगारेटचा एक ग्रॅम तंबाखू जळला तर साधारण १० मिलिग्रॅम कण निघतात. तेवढीच अगरबत्ती जळली तर ४५ मिलिग्रॅमहून अधिक, असे मोजले गेले आहे. सिंगापूरमध्ये ६१,३२० चिनी वंशाच्या स्त्री-पुरुषांची अनेक वर्षे नोंद ठेवून केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. घरात वर्षानुवर्षे अगरबत्ती जाळणाऱ्यांत श्वसनमार्गाच्या वरच्या भागातल्या काही कर्करोगांचे प्रमाण जास्त आढळले. एक काडी लावली म्हणून कोणाला कर्करोग होत नाही, घाबरू नका. पण रोज, बंद घरात, पुडाच्या पुडा, ही सवय सोडायला हवी.

मेणबत्ती: या तिघांत कमी धुराची हीच. नीट जळणारी मेणबत्ती फारसा काळा धूर सोडत नाही. ती बिघडते कधी? वात लांब झाली, वाऱ्याने ज्योत फडफडली, अनेक मेणबत्त्या एकमेकींना चिकटून लावल्या, आणि शेवटी फुंकर मारून विझवली, तेव्हा. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी मेणबत्तीचे कण तपासले. ज्योत शांत असताना निघणारे कण अतिशय सूक्ष्म असतात, आणि ज्योत फडफडू लागली की काजळी वाढते, असे त्यांना दिसले. फुंकर मारल्यावर जो पांढरा धूर उठतो तो न जळलेल्या मेणाची वाफ असतो. घशाला खवखव करणारा तोच.

अजिंठ्याची लेणी पाहिलेल्यांना आठवत असेल. तिथल्या भिंतींवरच्या चित्रांवर दिव्यांची आणि धुराची काजळी बसली होती. ती काढायला पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षे जपून काम करावे लागले. भिंत निदान पुसता येते. फुप्फुस आतून पुसता येत नाही.

नैसर्गिक मेणाची मेणबत्ती घ्यावी का?

काकांचे कळल्यावर मी पहिले काम काय केले? शहरातून 'नैसर्गिक' लिहिलेली एक महागडी मेणबत्ती मागवली. काचेच्या भांड्यात, लव्हेंडरच्या वासाची. तिच्या पैशांत साध्या मेणबत्त्यांची चार-पाच पाकिटे आली असती. वाचनाला लावली. दहा मिनिटांत काका उठून बाहेर! कारण मेण कशाचेही असो, तिच्यातला तीव्र वास त्यांना सोसला नाही. दमा असणाऱ्यांना वासाचा त्रास धुराइतकाच होऊ शकतो, हे वॉर्डात शिकलेले मी खरेदी करताना विसरले होते.

तेव्हा मेणाचे प्रकार आधी समजून घेऊ.

पॅराफिन: दुकानातली साधी पांढरी मेणबत्ती याचीच. हे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. गंमत पाहा, 'मेण' हा आपला शब्द मुळात मधमाशीच्या पोळ्यातल्या मेणाचा. एकोणिसाव्या शतकात पॅराफिन आले, स्वस्त म्हणून घरोघरी पोचले, आणि नाव तेच राहिले. २००९ मध्ये अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिना राज्य विद्यापीठातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी सांगितले की, पॅराफिनच्या मेणबत्तीतून टोल्युईनसारखी घातक रसायने निघतात, सोयाच्या मेणातून ती आढळली नाहीत. त्याआधी २००७ मध्ये युरोपात मेणबत्ती उद्योगाच्या पैशाने झालेल्या चाचणीत मात्र सगळी मेणे जवळपास सारखीच जळतात असा निष्कर्ष निघाला होता. कोणाचा पैसा कुठे लागला तेही आपण पाहावे. तरी दोन्ही बाजू वाचून माझे मत असे की, कधीतरी लावलेल्या एका साध्या मेणबत्तीने घाबरायचे कारण नाही. रोज, अनेक आणि बंद खोलीत लावायच्या असतील तर मात्र फरक पडतो.

मधमाशीचे मेण: हे पिवळसर असते आणि त्याला मधाचा मंद वास येतो. ते ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून आमच्या कोकणातल्या उकाड्यातही मेणबत्ती वाकत नाही. हळू जळते, जास्त वेळ टिकते. पण महाग. कारण एक किलो मेण तयार करायला मधमाश्यांना साधारण सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो. 'मधमाशीच्या मेणाची' म्हणून स्वस्तात कोणी देत असेल तर त्यात पॅराफिन मिसळलेले आहे असे समजा.

सोयाचे मेण: सोयाबीनच्या तेलावर प्रक्रिया करून केलेले. मऊ असते, उभे राहत नाही, म्हणून ते वाटीत किंवा काचेच्या भांड्यात ओतलेले मिळते. घ्यायचे तर बिनवासाचे आणि बिनरंगाचे घ्या.

आणखी एक गोष्ट पाहा, वात. काही मेणबत्त्यांच्या वातीत बारीक तार असते. पूर्वी ती शिशाची असायची. शिसे मुलांच्या मेंदूला घातक, म्हणून अमेरिकेने २००३ पासून शिशाच्या वातीवर बंदी घातली. न जळलेली वात पांढऱ्या कागदावर घासून पाहा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ती मेणबत्ती घरात लावू नका. साधी सुती वात सगळ्यात चांगली.

पहिले शील आणि मधमाशी

नैसर्गिक मेण म्हटले की आपल्या पंचशीलातल्या पहिल्या शीलाचा प्रश्न येतो. रानात धूर करून, पोळे जाळून, पिळून मध काढला तर अळ्या आणि माश्या मरतात. तसे मेण मला बुद्धमूर्तीसमोर लावावेसे वाटत नाही. पेटीतले मधुमक्षिकापालन वेगळे. तिथे पोळ्याच्या चौकटी यंत्रात फिरवून मध काढतात, पोळे परत पेटीत ठेवतात, आणि वरचे झाकणमेण तेवढे बाजूला निघते. आपल्याकडची सातेरी जातीची माशी अशी पेटीत पाळता येते. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. त्याच तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून पुढे आले. पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. बचत गटांतल्या तायांनी या बाजूने जरूर चौकशी करावी. धम्मपदातही फुलाला न दुखवता मध नेणाऱ्या मधमाशीचा दाखला आहेच.

मेणबत्तीचे काम घरगुती उद्योग म्हणून बायकांना नेहमी सुचवले जाते. पण सुरक्षेशिवाय ते करू नका. ८ डिसेंबर २०२३ रोजी, आपण चैत्यभूमीहून परतत होतो त्याच सुमारास, पिंपरी-चिंचवडमधल्या तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजी मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. बळी गेलेल्यांत बहुतेक कामगार बाया होत्या. दुसऱ्याच्या आनंदासाठी ठिणगी तयार करणारे हात जळाले. मेण वितळवायचे तर थेट आचेवर नाही, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. दार उघडे हवे, मुले लांब हवीत. आणि त्या फुलबाजी मेणबत्त्या तर विकतही घेऊ नका. त्यांच्यात दारू भरलेली असते.

"दिवा लावायचा? तो तर त्यांचा!"

मी वाडीच्या बैठकीत सुचवले, की मेणबत्त्या कमी करून एक खोबरेल तेलाची पणती लावू. लगेच एक तरुण भाऊ उठला. म्हणाला, "ताई, आपण समई-निरांजन सोडून मेणबत्ती धरली. आता परत मागे जायचे का?"

त्याचा राग मला समजतो. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या आईवडिलांनी घरातले जुने देव्हारे उतरवले. त्या जागी बुद्ध आणि बाबासाहेब आले, आणि त्यांच्यासमोर मेणबत्ती आली. ती आपल्या नव्या जगण्याची खूण झाली. त्या खुणेला मी हात लावत नाही.

पण तेलाचा दिवा कोणा एका धर्माचा नाही. श्रीलंकेतल्या विहारांत आजही खोबरेल तेलाचे दिवे लावतात. तिबेटी भिक्खू लोण्याचे दिवे लावतात. आपण म्हणतो त्या पाली पूजेच्या गाथेतही शब्द 'दीप' असाच आहे. दिवा मेणाचा की तेलाचा, याचे बंधन तिथे नाही. आणि बोधगयेला महाबोधी महाविहाराच्या आवारात लोण्याचे शेकडो दिवे लावायचे तर त्यांच्यासाठी वेगळ्या काचेच्या खोल्या आहेत. धूर आणि आग माणसांपासून दूर ठेवली आहे. ज्या जागी तथागतांना बोधी प्राप्त झाली तिथे ही काळजी घेतात, तर आपण आपल्या बारा फुटी खोलीत का घेऊ नये?

आमच्या आज्या उंडीच्या तेलाचे दिवे लावायच्या. रातांब्याच्या बियांचे भिरंडेल तर कोकणात घरोघरी असायचे, पायांच्या भेगांना लावायला. ते साध्या हवेत घट्ट राहते. आमच्या बचत गटाने ते पातळ करून पणतीत ओतले, मधोमध सुती वात उभी केली आणि थंड होऊ दिले. छान घरचा दिवा झाला. वात बारीक ठेवली तर जळतो शांत. वात मोठी केली तर तोही धूर करतो, हे लक्षात ठेवा. नैसर्गिक म्हणून धूर होत नाही असे कधीच नसते.

आम्ही काय बदलले

शेवटी बैठकीत ठरले ते असे. ज्याच्या घरी वाचन, त्या घरची एकच मेणबत्ती किंवा पणती लागेल. बाकीच्या घरांनी एकेक फूल आणायचे. फुलाला धूर नसतो आणि पावसाळ्यात आमच्याकडे तेरडा, जास्वंद हवी तितकी. अगरबत्ती वंदनेच्या सुरुवातीला एकच, तीही पडवीत. कॉईल बंद, त्याऐवजी लहान मुलांवर मच्छरदाणी आणि घराभोवतीचे साचलेले पाणी उपसणे. पाऊस ज्या दिशेने येत नाही त्या बाजूची खिडकी उघडी ठेवायची. वाचनाच्या वेळी मागची चूल पेटवायची नाही.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन घरांना ते रिकामे-रिकामे वाटले. "एवढीशीच वंदना?" असे एक मावशी म्हणाल्या. मग त्याच म्हणू लागल्या, की आता डोळे चुरचुरत नाहीत, अक्षर दिसते.

काका पहिल्या दिवशी दाराशी बसले. तिसऱ्या दिवशी आत आले. पंधरा दिवसांनी त्यांनी पुस्तक मागितले आणि चार पाने वाचली. मध्ये दोनदा थांबून पाणी प्यायले, पण उठले नाहीत. त्यांचे फुप्फुस बरे झालेले नाही, होणारही नाही. त्यांचा पंप चालूच आहे. पण धम्माच्या वाचनातून त्यांना उठवणारा धूर आम्हीच लावत होतो, तो आम्ही थांबवू शकलो.

पंपाबद्दल एक वाक्य. "पंपाची सवय लागते" ही समजूत चुकीची आहे. पंपातले औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून गोळीपेक्षा कमी मात्रेत काम होते. डॉक्टरांनी दिलेला पंप मनाने बंद करू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या, ती मोफत आहे. वाळू, चिरा, खडीच्या कामावर राबलेल्यांनी डॉक्टरांना ते काम आवर्जून सांगावे.

महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी आपल्याला पाण्यापर्यंत नेले. हवेसाठी तळे गाठावे लागत नाही, पण आपल्या वस्त्यांतल्या घरांना खिडक्या नाहीत हाही अन्यायच आहे. रमाई आवास योजनेतून ज्यांचे घरकुल मंजूर झाले आहे त्यांनी गवंड्याला आधीच सांगावे. समोरासमोर दोन खिडक्या, छताजवळ झरोके, आणि चूल असेल तर धुराडे. रंग नंतर देता येईल. खिडकी नंतर पाडता येत नाही.

या वर्षावासात एवढे करा

१. आधी खिडकी, मग ज्योतींची संख्या, मग वास, आणि शेवटी मेण. बदल याच क्रमाने करा. पहिल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही.

२. एका खोलीत एकच ज्योत. जास्त लावायच्या असतील तर अंगणात किंवा पडवीत. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या रांगा उघड्यावरच लावा, आणि दोन मेणबत्त्यांत वीतभर अंतर ठेवा.

३. लावण्याआधी वात कात्रीने कापून अर्धा सेंटीमीटर ठेवा. पंखा आणि वारा ज्योतीवर येऊ देऊ नका.

४. विझवताना फुंकर मारू नका. स्टीलची वाटी उपडी घाला, किंवा चमच्याने वात वितळलेल्या मेणात बुडवून सरळ करा.

५. परीक्षा घरीच घ्या. स्वच्छ स्टीलची ताटली ज्योतीच्या वीतभर वर काही क्षण धरा. काळा डाग पडला तर ती मेणबत्ती धूर करते आहे.

६. वास आणि रंग असलेली मेणबत्ती टाळा. परवडत असेल तर खात्रीच्या ठिकाणची मधमाशीच्या मेणाची किंवा बिनवासाची सोयाची घ्या. नाही परवडली तर साधी पांढरी, सुती वातीची, एकच. मनाला लावून घेऊ नका.

७. मेणबत्ती पत्र्याच्या किंवा मातीच्या ताटलीत ठेवा. पडदा, मच्छरदाणी, नायलॉनचा पदर आणि पुस्तक यांपासून हातभर लांब. ती जळत असताना झोपू नका, मुलांना तिच्याजवळ एकटे सोडू नका. वीज गेली तर मेणबत्तीऐवजी बॅटरी वापरा.

८. भाजलेच तर भाजलेला भाग २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, तेल, हळद, बर्फ काहीही लावू नका. चिकटलेले मेण किंवा कपडा ओढू नका. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कपडा सैलसर टाकून दवाखान्यात न्या. चेहरा, हात, गुप्तांग भाजले असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

आणि वाचनाच्या वेळी तुमच्याकडे कोणी सारखे उठून बाहेर जात असेल, तर त्याच्या श्रद्धेबद्दल बोलण्याआधी त्याला एकदा विचारा, "छाती भरते का?" त्याची जागा खिडकीजवळ करा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.